तोललेली मुलं

मु. उंबरवाडी, शहाडपलीकडे
फाल्गुन वद्य २, शके १७९८

तीर्थरूप दादा,

उत्तरेचा नमस्कार. वहिनींनाही सांगावा. पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नका. घरात एक चूल होती, आता दोन झाल्या आहेत, आणि दुसरी सकाळपासून माझीच वाट बघत बसते.

ही दुसरी चूल अंगणात आहे. यंदा भात हातचं गेलं हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या वरच्या अंगाला ठाकरांची वाडी आहे, तिथे संक्रांतीनंतर कुणाच्या घरात दाणा राहिला नाही. रानातले कंद उकडून खातात. मोठी माणसं कशीबशी तग धरतात, पण मुलांना ते कंद पचत नाहीत. माघात वाडीतली दोन मुलं गेली. दुसऱ्याला पुरायला नेताना मी ओसरीवर उभी होते आणि आमची हेमा माझ्या पायाशी काकडी खात होती. त्या दिवसापासून मला घास गिळवत नाही.

म्हणून गावातल्या बायकांना गोळा केलं. ज्या घरात दळण पडतं त्या घराने रोज एक मूठ नाचणी द्यायची, एवढंच. नाही म्हणणारी एकही निघाली नाही. शिजवते मी, कारण माझ्या हातचं सगळ्यांना चालतं. गूळ घालून आंबील करते. कुणब्यांच्या बायका आंब्याखाली आपल्या मडक्यात सुकट भाजून मुलांच्या हातावर ठेवतात. वारा तिकडून आला की मामंजी जप मोठ्याने म्हणायला लागतात. हे मुरबाडकडे जमीन मोजणीच्या कामावर गेलेत, नाहीतर हसून लोळले असते.

पण दादा, हसण्यासारखं फारसं नाही. बुधी नावाची ठाकरीण आहे, तिची बारकी दोन वर्षांची झाली तरी बसत नाही. केस तांबूस पडलेत, पोट तेवढं पुढे. तोंड एखाद्या म्हातारीसारखं दिसतं. रडत नाही, त्याचीच जास्त भीती वाटते. बुधीची आधीची मुलं जगली नाहीत, ही एकच राहिली आहे. तिला किती द्यावं, कुणाला जास्त द्यावं, मला कळत नाही. मी नजरेने वाढते आणि जो मोठ्याने ओरडतो त्याचं फावतं. तुम्ही चार शहाण्या माणसांत वावरता. काही सुचवा.

तुमची
उत्तरा


टेंभी नाका, ठाणे
फाल्गुन वद्य ७

चि. सौ. उत्तरा,

आशीर्वाद. तुझं पत्र शाळेतल्या मंडळींना वाचून दाखवलं. आमच्यातला एकजण म्हणाला, हरिहरपंत, तुम्ही इतकी वर्षं मुलांना शिकवता, पण पोट भरलंत एकाचं तरी?

आता कामाचं. नजरेने वाढणं बंद कर. इथल्या इस्पितळातल्या साहेब डॉक्टरांकडे मी मुद्दाम गेलो होतो. ते म्हणतात, मूल सुधारतंय की खंगतंय हे डोळ्यांना उशिरा कळतं, वजनाला लगेच कळतं. तुमच्या कोठारात धान्याचा मोठा तराजू आहे ना? एका पारड्यात टोपली बांध, तीत मूल बसव आणि दुसऱ्यात मापं टाक. दर आठवड्याला एकदा. ज्याचं वजन घटलं त्याला दुप्पट आंबील. यात अवघड काही नाही. धान्य तोलतेस तशीच मुलं तोलायची.

बारकीला आंबील पातळ करून थोडी थोडी, दिवसातून अनेकदा दे, असंही त्यांनी सांगितलं आहे. आणि हेमाला त्या मुलांच्या उष्ट्यात हात घालू देऊ नकोस. तुझ्या दयेबरोबर थोडी अक्कलही चालू राहू दे.

हरिहर


उंबरवाडी
फाल्गुन वद्य १४

तीर्थरूप दादा,

नमस्कार. तुम्ही सांगितलंत तसं केलं. आणि तेव्हापासून इथे काय बिघडलं आहे ते मला उमजत नाही.

सोमवारी तराजू आंब्याच्या फांदीला टांगला. मुलांना गंमत वाटली, झोका समजून आपापसात ढकलाढकली करत बसली. आयांना मात्र गंमत वाटली नाही. त्या कुंपणाशी उभ्या होत्या, एकदम दोन पावलं मागे सरल्या. मला वाटलं, नवीन काहीतरी बघून बिचकल्या असतील. बारकीला टोपलीत ठेवलं तेव्हा पारडं हललंसुद्धा नाही. मी बुधीला म्हटलं, "बघ, किती हलकी आहे. हिला भरपूर घालून जड करायची आहे आपल्याला." बुधीने तिला माझ्या हातातून ओढून घेतली आणि आंबील न घेता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मुलं कमी आली. तिसऱ्या दिवशी वाडीतलं एकही आलं नाही. काल कुणब्यांचीही आली नाहीत. हंडी भरून आंबील आंबून गेली, गुरांना घातली.

मला वाटलं गूळ खवट निघाला असेल, नाहीतर जातपंचायतीने काही ठरवलं असेल. विचारायला वाडीवर गेले तर दारं लागली. दिवसाढवळ्या, दादा! ज्या घरांना मुळात दार नाही त्यांनी कुडाला आतून चटया लावल्या. आत मुलं आहेत हे कळत होतं, त्यांच्या तोंडावर हात दाबलेले कळत होते. विहिरीवर गेले तर बायका आपली पोरं पदराआड घेतात. काल एक पोरगं वाटेत समोर आलं आणि मला बघून किंचाळत पळालं. मी मुलांना आवडते असा माझा समज होता.

आज सकाळी उंबऱ्यावर लिंबू ठेवलेलं होतं, त्याला कुंकू फासलेलं. मामंजींनी ते काठीने बाजूला सारलं आणि एवढंच म्हणाले, "सूनबाई, हेमाला आत ठेवा."

बारकीला शेवटची पाहिली त्याला आठवडा होत आला. रोज तोच विचार मनात येतो. हे घरी नाहीत. मला फार भीती वाटते.

उत्तरा


ठाणे
चैत्र शुद्ध २, शके १७९९

चि. सौ. उत्तरा,

आशीर्वाद. तुझं पत्र पाडव्याला हातात पडलं. पुरणाचा घास गोड लागला नाही.

यात गूढ असं काही नाही. कुणीतरी वाकड्या तोंडाचा माणूस तुझ्या कामावर उठला आहे. त्याने गरिबांचे कान भरले. असल्या माणसाला सरकारी पट्टा दिसला की त्याची जीभ लगेच आत जाते. तालुक्याच्या कचेरीत माझे एक स्नेही आहेत. त्यांच्याशी बोलून मी दोन पट्टेवाल्यांची व्यवस्था केली आहे. षष्ठीला सकाळच्या गाडीने ते कल्याणला उतरतील आणि दुपारपर्यंत तुझ्याकडे येतील. वाडीवर जाऊन मुलांना अंगणात आणून बसवतील, चार दिवस समोर बसून खाऊ घालतील. एकदा पोटात गेलं की खुळचट समजुती आपोआप उतरतात.

तू भिऊ नकोस. तराजू तेवढा काढून ठेवू नकोस, वजनात खंड पडता कामा नये.

हरिहर


उंबरवाडी
चैत्र शुद्ध ३

दादा,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. आमचा गडी गोविंदा कल्याणला निघाला आहे, तो टपालात टाकील.

सगळं कळलं. आमच्या भांडी घासणाऱ्या काशीने सांगितलं, तेही मी तिचे पाय धरल्यावर. ती बोलताना माझ्याकडे बघत नव्हती.

"वयनी, तुमी पोरं तोललीत. तोललेला पोर देवाचा असतो."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"नवस बोलला का पोराची तुला करतात, गुळानं नाय तर नारळानं. तेवढा गूळ देवाला दिला का पोर परत आपला. तुमी पोरं तोललीत, आन् बदली कायच दिलं नाय. मंग ती पोरं कोनाला दिलीत?"

दादा, गुळाची तुला आपल्याकडेही करतात. तुमच्या मनात आली नाही, माझ्याही आली नाही. आपल्या डोक्यात धान्याची मापं होती.

आणि कुणाला दिली याचं उत्तर त्यांनी आपणच शोधलं आहे. शहाडपलीकडे नदीवर नव्या पुलाचं काम चाललं आहे. तिथला खांब दोनदा खचला. बुधीचा नवरा धाकू तिथेच पाया खणायला जातो. कुणीतरी म्हणालं, नदी मूल मागते आहे. कुणीतरी म्हणालं, पुलाच्या साहेबाला धडधाकट मूल लागतं, हाडं निघालेलं चालत नाही. मग भटाची सून दारात हंडी मांडते, फुकट गूळ घालते, दर सोमवारी वजन बघते. आणि मी माझ्या तोंडाने बुधीला सांगितलं, हिला जड करायची आहे. त्यांच्या जागी मी असते तर मीही चटई लावून बसले असते.

काल दिवे लागताना कौलांवर दगड आले. हेमा फळीखाली जाऊन बसली, अजून बाहेर यायला तयार नाही.

काशी म्हणते, बारकी आता पाणीही ओकून टाकते. वाडीतल्या लोकांचं ठरलं आहे, कुणी सरकारी माणूस दिसला की मुलं घेऊन डोंगरात जायचं. म्हणून हात जोडून सांगते, काही करायचं मनात आणलं असेल तर आणू नका. पट्टा घातलेला एकही माणूस इकडे पाठवू नका. वर पाणी नाही. बारकी वाटेतच जाईल.

उत्तरा


ठाणे स्टेशन
चैत्र शुद्ध ६

उत्तरा,

तुझं तिजेचं पत्र आत्ता मिळालं. ते दोघे सकाळच्या गाडीने गेले. मी स्टेशनात धावत आलो तेव्हा फलाटावर कुणी नव्हतं. माझा शेजारी अँब्रोज इथे तारेच्या कामावर आहे, त्याने लगेच कल्याणला तार केली. उत्तर आलं, माणसं उतरून बैलगाडीने पुढे गेली.

अँब्रोज स्वतः पुढच्या गाडीने हे पत्र घेऊन येतो आहे. तो पोचेपर्यंत त्यांना तुझ्या दारातच अडव. जेवायला बसव, काहीही कर. त्यांना वाडीवर जाऊ देऊ नकोस. मी तुझं ऐकण्याआधीच हुशारी केली.

हरिहर


उंबरवाडी
चैत्र शुद्ध १०

तीर्थरूप दादा,

नमस्कार. अँब्रोजबाबा पोचले, पण सगळं होऊन गेल्यावर. त्यांनी पट्टेवाल्यांना परत नेलं आणि मामंजींशी फार सभ्यपणे बोलले. त्यांना दोष देऊ नका.

पट्टेवाले आधी माझ्याकडे आलेच नाहीत. वाट वाडीवरूनच येते. त्यांनी तिथेच हाक दिली, "पोरं बाहेर काढा रे!" मी धावत गेले तेव्हा वाडी रिकामी होती. चुलीत विस्तव होता. एक कोंबडी तेवढी फिरत होती.

मी घरी येऊन आंबील कढत केली, पातळ, मीठ घातलेली. तांब्यात भरली. एका कडेवर हेमाला घेतलं आणि डोंगराच्या वाटेला लागले. मामंजी मागून हाका मारत होते. त्यांना मी आयुष्यात कधी उलट उत्तर दिलं नाही, त्या दिवशीही दिलं नाही, फक्त थांबले नाही. हेमाला का घेतलं ते विचारू नका. दगड पडल्यापासून तिला एकटीला सोडायचं धैर्य नव्हतं, एवढंच खरं. पुढचं मी ठरवून गेले नव्हते.

ते कातळाखालच्या सपाटीवर होते. मला बघून बायका उठल्या, मुलांना मागे ओढलं. धाकू कोयता घेऊन पुढे आला. हेमाने माझ्या गळ्यात नखं रुतवली.

"आली," तो म्हणाला. "वजन करायला आलीस?"

"आंबील आणली आहे."

"आता कशाला? पोर तं मरतंय. हलका पोर नदीला चालत नाय ना?"

मी शपथा घातल्या. कुलदैवताची, ह्यांची, गंगेची. धाकू ऐकून हसला. बुधी मागे खडकाला टेकून बसली होती, मांडीवर बारकी. बारकीचे डोळे अर्धे मिटलेले, ओठ काळे. दादा, मूल समोर मरत होतं आणि तांब्या माझ्या हातात होता आणि मधे एक कोयता होता.

मग बुधी बोलली. हळूच. "बाय, तुजा पोर कुनी तोलला नाय. तुजा पोर तुज्याकडं हाय. म्हनून तुला काय वाटत नाय."

तेव्हा मी हेमाला खाली ठेवलं. तिचे हात गळ्यातून सोडवावे लागले. तिला धरून बुधीच्या पुढ्यात नेलं आणि म्हटलं, "ही घे. बारकी माझ्याकडे जेवेल तोवर ही तुझ्याकडे राहील. तुझ्या घरी जेवेल, तुझ्या घरी झोपेल. तुझी पोर कुणी नेली तर माझी तुझी."

हे बोलले ते मीच का, असं मला अजून वाटतं.

कुणी हललं नाही. बुधीने हेमाच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या. मग तिने हेमाचा हात धरला आणि बारकीला माझ्याकडे दिली. दादा, वजन असं काही नव्हतंच. मी तिथेच बसले, बोट बुडवून तिच्या ओठांना लावत राहिले. कितीतरी वेळ ते ओघळून जात होतं. मग गळा हलला.

बारकी आता आमच्या ओसरीवर आहे. थोडं पोटात राहतं, थोडं येतं. बुधी दिवसभर तिच्याजवळ बसते. संध्याकाळी ती वर जाते, हेमापाशी. तराजू मी कोठारात ठेवून दिला. बारकीच्या दंडाला बुधीने काळा दोरा बांधला आहे. तो सैल होतो की तटतो, तेवढं आता बघते.

मामंजी माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. ह्यांना कळवलं आहे, उत्तर नाही. आणि हेमा वाडीत आहे. तिथे ताप आहे, साप आहेत, खायला कंद आहेत. सकाळी मी वाडीच्या कुंपणापर्यंत जाते, ती लांबून दिसते, मग परत येते. जवळ गेले तर धाकूला वाटेल मी तिला परत न्यायला आले. पूर्वी मला वाटायचं, ह्या बायका अडाणीपणाने भितात. आता मीही तेवढीच भिते.

उत्तरा


टेंभी नाका, ठाणे
चैत्र वद्य १

चि. सौ. उत्तरा,

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी खालीच बसली. मला काय वाटलं ते लिहीत नाही.

तू जे केलंस त्याला काय म्हणावं कळत नाही. पण आता पुरे. बारकी पिते आहे, म्हणजे तुझ्या शब्दाचं काम झालं. हेमा पाच वर्षांची पोर आहे, तिचा काय गुन्हा? आमच्या बाळला मी नाक्यावरच्या गर्दीत हातसुद्धा सोडू देत नाही. तो हेमाच्याच बरोबरीचा, म्हणून मला जास्त लागतं. जातीचं मी बोलत नाही, ते तुझे यजमान श्रीपादराव आणि तुझे सासरे बघतील. मी जिवाचं बोलतो आहे.

नाचणी पाठवतो. गूळ पाठवतो. शाळेतल्या मंडळींनी धान्य गोळा केलं आहे, तेही बैलगाडीने येईल. तुला जे हवं ते माग, मी नाही म्हणणार नाही. चूक माझी आहे, तराजू मीच टांगायला लावला. पण हेमाला त्या झोपडीत ठेवू नकोस. रविवारी मी येतो आणि तिला ठाण्याला घेऊन जातो.

हरिहर


उंबरवाडी
चैत्र वद्य ४

तीर्थरूप दादा,

नमस्कार. धान्य पाठवा, लागणार आहे. तुम्हीही या. तुम्ही येणार म्हटल्यावर जरा धीर आला.

काल बारकी रडली. चांगली भोकाड पसरून रडली. इतके दिवस तिच्या घशातून आवाज निघाला नव्हता. मामंजींचा जप चुकला. त्यांनी माळ खाली ठेवली आणि मला म्हणाले, "आधी तिला वाढा." त्या दिवसानंतरचं हे त्यांचं पहिलं बोलणं. मी आत जाऊन पदर तोंडात धरला.

ह्यांचं पत्र आलं. दोनच ओळी आहेत. मी येईपर्यंत शब्द मोडू नकोस, आणि हेमाला अंगाखाली घालायला जाड काही पाठव. एवढं वाचून मला रात्रीची झोप लागली असं नाही, पण बरं वाटलं.

पाटलांच्या महिपतच्या बायकोने आपला मुलगा वाडीत नेऊन ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याशी भांडून, रडत रडत गेली. मग काशीची मुलगी गेली. जेवढी मुलं गावातून वर गेली तेवढी वाडीतून खाली आली आहेत, अंगणात बसतात, आंबील पितात. आया कुंपणाशी उभ्या राहतात, आतल्या आणि बाहेरच्या, एकमेकींकडे बघत. कुणी कुणाशी बोलत नाही. सगळ्यांनाच भीती आहे.

एक मूल राहिलं आहे. धाकूच्या भावाचा मुलगा, हेमाएवढाच. पायांना सूज आली आहे, काल डोळ्यांवरही दिसली. त्याची आई दार उघडत नाही. मी तांब्या उंबऱ्याशी ठेवून आले, तिने तो लाथेने सांडला. आतून म्हणाली, "तुजी पोर बुधीला दिलीस. मला कोन?"

माझ्याकडे दुसरं नाही. गावात ज्यांनी द्यायची त्यांनी दिली, बाकीच्या माझी वाट चुकवतात आणि मी त्यांना काही म्हणू शकत नाही.

तुम्ही लिहिलंत, हवं ते माग. मला ठाऊक आहे तुम्ही नाचणी आणि गूळ मनात धरून लिहिलंत. वहिनींचं तोंड माझ्या डोळ्यांपुढे आहे. माझा हात हे लिहिताना थांबतो आहे, आणि तुम्ही नाही म्हणालात तर मी तुमच्यावर रागावणार नाही, कारण तुम्हाला कसं वाटेल ते मला पुरतं कळतं. पण त्या मुलाकडे आता वेळ नाही.

रविवारी हेमाला न्यायला येऊ नका, दादा. येताना बाळला घेऊन या.

उत्तरा